राणीची बाग बुधवारी बंद असते
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय बाई, सर, आणि माझ्या वर्गातल्या मुला-मुलींनो,

मुला-मुलींनो म्हटलं म्हणून हसू नका. या हॉलमध्ये पाऊल टाकलं की माझं वय आपोआप दहावी ‘ब’ होतं, त्याला माझा इलाज नाही.

‘निवृत्तीनंतर मी काय करते’ यावर दहा मिनिटं बोल, असं मला सांगण्यात आलं. माझ्या आधी बोललेल्यांपैकी एकाने कैलास-मानसरोवर केलं, एकीने नर्मदा परिक्रमा केली, आणि आपल्या शेवटच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी युरोप तीनदा पाहिला. मी काय करते? मी डोंबिवलीहून लोकल पकडून मुंबईला येते आणि बसमध्ये बसते. हे मी मघाशी चहाच्या वेळी सांगितलं, तेव्हा आपली एक मैत्रीण म्हणाली, “अगं, तेच तर सदतीस वर्षं केलंस की! कंटाळा नाही आला?”

तेच केलं खरं, पण मुंबई पाहिली नाही. आठ सतराची फास्ट पकडणारी बाई काय पाहते? इंडिकेटर पाहते, चौथी सीट मिळतेय का ते पाहते, घाटकोपरला कोण उतरणार ते पाहते. उतरलं की सबवे, सबवेतून वर आलं की हजेरीचं मस्टर. ज्या स्टेशनात मी रोज उतरत होते ती इमारत जागतिक वारसा यादीत आहे हे मी पेपरात वाचलं, २००४ साली. त्या दिवशी तरी मान वर करून पाहिली का? नाही पाहिली. गाडी दहा मिनिटं लेट होती.

या सगळ्याची सुरुवात माझ्या आईमुळे झाली. ती आज इथे आली आहे, तिसऱ्या रांगेत, हिरव्या लुगड्यात. चौऱ्याऐंशी पूर्ण आहेत. गेली सहा वर्षं माझ्याकडे असते. माझ्या मुलाने गाडी घेतली तेव्हा त्याने हौसेने जाहीर केलं, “आजी, तुला सगळी मुंबई दाखवतो.” आजी नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली. मुलुंड येईपर्यंत तिला दोनदा उलटी झाली. तिथूनच परत. तिला मोटार लागते. बंद काचा, तो वास, आणि पुढे-मागे हिसके. पोराला वाईट वाटलं, आईला त्याहून जास्त, आणि नवीन सीट कव्हरचं काय झालं ते विचारू नका.

मग एकदा मीच म्हटलं, आपण गाडीने जाऊ. आमच्या घरात ‘गाडी’ म्हणजे लोकल. सकाळी अकराची स्लो, बायकांचा डबा, खिडकी. आईला काही झालं नाही. भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत जायचं, एवढाच बेत होता.

भायखळा स्टेशन तुम्ही हल्ली पाहिलंय का? १८५७ सालची इमारत आहे. तिची डागडुजी अशी केली आहे की जुनं लाकूडकाम, कमानी सगळं पुन्हा दिसायला लागलं, आणि त्या कामाला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. मी या स्टेशनवरून हजारो वेळा गेले असेन. फास्ट गाडी तिथे थांबते, त्यामुळे चढणाऱ्या गर्दीकडे पाठ करून उभं राहायचं, एवढीच माझी भायखळ्याची ओळख होती.

स्टेशनपासून बागेचं फाटक रमतगमत दहा-पंधरा मिनिटं. आईच्या चालीने पंचवीस. पोचलो तर फाटक बंद. बुधवार होता. राणीची बाग बुधवारी बंद असते हे मुंबईत जन्मलेल्या, मुंबईत नोकरी केलेल्या, साठी गाठलेल्या तुमच्या या वर्गमैत्रिणीला माहीत नव्हतं. बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. मला रडूच यायचं बाकी होतं. आई कठड्याला टेकून बसली आणि म्हणाली, “झाडं तर दिसतायत. ट्राममधून पण एवढीच दिसायची.”

ट्राम म्हटल्यावर मी थांबले. ती कधी ट्रामबद्दल बोलली नव्हती.

आता तिथून करायचं काय? समोर बसथांबा होता. दादरकडे जाणारी बस आली, मी म्हटलं, चल, टीटीला उतरू, चहा पिऊ आणि दादरहून घरी जाऊ. आपल्या शाळेपासून पाच मिनिटांवरचं टीटी. बस अगदी रिकामी. दुपारी साडेबाराला रस्त्यावर गर्दी असते, पण बसमध्ये नसते, हे पहिलं ज्ञान. आणि दुसरं ज्ञान असं, की टॅक्सीवाला लालबागचा उड्डाणपूल पकडतो आणि खालचं सगळं उडवून नेतो, बस मात्र पुलाखालून जाते, थांब्यावर थांबते, दार उघडते. चिंचपोकळी, लालबाग, भारतमाता, हिंदमाता. पूल झाल्यापासून मी तिथून टॅक्सीने गेले तेव्हा मला फक्त इमारतींचे तिसरे-चौथे मजले दिसले होते. बसमधून मसाल्याची दुकानं दिसली, मिरचीचा ठसका आला, भारतमाता टॉकीजची पाटी दिसली. आई खिडकीला नाक लावून बसली होती. जिथे भोंगा वाजायचा तिथे आता काचेचे टॉवर आहेत, ते ती पाहत होती, पण बोलत नव्हती. हिंदमातानंतर एकदम म्हणाली, “ट्राम इथूनच जायची. हाच रस्ता.”

टीटीला चहा पिताना तिने मला जे सांगितलं, ते सांगण्यासाठी मी खरं तर आज उभी राहिले आहे.

आई १९५९ साली लग्न करून नायगावच्या चाळीत आली. अक्षर येत नव्हतं, आकडा येत नव्हता. पण ट्राम होती. टीटीवर जायचं, ट्राम उभी असायची, तीत बसायचं. ती म्हणाली, “ट्रामला वाचायला लागत नाही. रूळ जातील तिथे ती जाते, आणि त्याच रुळावरून परत येते. हरवायला वावच नाही.” बाबांची पाळी असली की ती एकटी ट्रामने भायखळ्यापर्यंत, बोरीबंदरपर्यंत जाऊन यायची. कशाला, तर नुसती जाऊन यायला! राणीच्या बागेवरून जायची, झाडं बघायची. आत जायचं राहून गेलं, कारण मी पोटात होते, मग मांडीवर होते.

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, बोरीबंदरहून दादरपर्यंत. आपण भूगोलाच्या नाहीतर सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ही तारीख वाचतो आणि विसरतो. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे तर आपल्यातल्या निम्म्यांना माहीतही नसेल. इतकी वर्षं आपण ‘टीटीला भेटू’ म्हणत आलो. पण त्या तारखेला माझ्या आईचं एकटीने बाहेर पडणं बंद झालं, हे कुठल्याही पुस्तकात नाही. बसला नंबर होते. एकाच थांब्यावर पाच वेगवेगळ्या नंबरच्या बस यायच्या, आणि कुठली कुठे जाते ते फक्त वाचणाऱ्याला कळायचं. माणसांना विचारायची लाज. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती.

आता बाई, इथून पुढचं तुमच्याबद्दल आहे.

आपली सहावीची सहल आठवते का? १९७४-७५. राणीची बाग. बाईंनी आम्हाला दोन-दोनच्या जोड्या करून बसथांब्यावर उभं केलं होतं आणि येणाऱ्या प्रत्येक बसचा नंबर मोठ्याने वाचायला लावला होता. बसमध्ये तिकीट प्रत्येकाने आपल्या हातात धरायचं, कंडक्टरने पंच केलेलं भोक कुठल्या आकड्यावर पडलंय ते बघायचं. बागेत दगडी हत्ती दाखवून बाईंनी सांगितलं होतं की हा घारापुरी बेटावरचा, याच्यामुळेच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं, आणि इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले तेव्हा उचलताना तो तुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. मला त्या दिवसातलं सगळं आठवतं, कारण मी त्या दिवशी रागावलेली होते. सोबत चार जणींच्या आया आल्या होत्या. चिवडा आणला होता, लाडू आणले होते. माझी आई आली नव्हती. बाईंनी तिला विचारलं होतं हे मला ठाऊक होतं, आणि ती ‘घरी काम आहे’ म्हणाली हेही. घरी काही काम नव्हतं. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

पन्नास वर्षांनी टीटीच्या हॉटेलात बशीत चहा ओतता ओतता आई म्हणाली, “बाईंनी दहा पोरी माझ्याकडे दिल्या असत्या. परत येताना चुकीच्या बसमध्ये बसवल्या असत्या तर? मला नंबर कुठे वाचता येत होता.”

मी काय बोलणार? अजून एक चहा मागवला.

नंबर ती नंतर शिकली. १९८२ चा संप सुरू झाला, बाबा घरी बसले, आणि आईने वरळीला दोन घरी पोळ्यांचं काम धरलं. बसशिवाय जाणं नाही. माझ्या धाकट्या भावाच्या पाटीवर ती रात्री आकडे गिरवायची. बेस्टच्या बसवर पुढे नंबर मराठीत असतो, तो तिच्या कामी आला. एक आणि नऊ मात्र तिला छळायचे. आपल्या देवनागरीत ते दोघे लांबून सारखेच दिसतात, बघा कधी. त्या गोंधळात एकदा ती माहीमला जाऊन उतरली आणि तिथून नायगावपर्यंत चालत आली. बाबांना सांगितलं, पोळ्या जास्त होत्या. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात जात होते, आणि घरात हे सगळं घडत असताना मला त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे, आई पाटी गिरवते हे दिसत होतं. मला वाटायचं भावाचा अभ्यास घेते.

असो. तर त्या बुधवारपासून आमचं सुरू झालं. महिन्यातून दोनदा. बसचा नंबर आईने वाचायचा, हा नियम तिचाच. आता पाट्या विजेच्या झाल्या, अक्षरं पळतात, कधी मराठी कधी इंग्रजी. ती मराठीची पाळी येईपर्यंत थांबते आणि मग सांगते, “हीच.” तोपर्यंत बस निघते की काय म्हणून माझा जीव वरखाली.

दुसऱ्या खेपेला मी ठरवून सीएसएमटीला नेलं. सबवेत न शिरता रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभं राहिलो आणि मी माझ्याच स्टेशनकडे आयुष्यात पहिल्यांदा समोरून पाहिलं. फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या वास्तुविशारदाने ते बांधलं, १८७८ ला काम सुरू झालं, सुमारे दहा वर्षं चाललं. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. आईचं लक्ष मात्र घुमटाच्या टोकावर. “ती वर कोण बाई उभी आहे?” मी म्हटलं, तिचं नाव प्रगती. एका हातात मशाल आहे, दुसऱ्या हातात चाक. आईने कपाळावर हात धरून नीट पाहिलं आणि म्हणाली, “चाक हातात आहे म्हणजे कामावर निघालेली दिसते.” सदतीस वर्षं त्या बाईच्या पायाखालून मी कामावर गेले, आणि आमची ओळख आईने करून दिली.

तिथूनच ए-११५ सुटते, एनसीपीएपर्यंत. नवी विजेवरची डबल डेकर. जुन्या डबल डेकर १९३७ पासून होत्या, त्यातली शेवटची सप्टेंबर २०२३ मध्ये निघून गेली. आईला वरच्या मजल्यावर पुढे बसायचं होतं. मला दोन काळज्या. एक जिना, आणि दुसरी म्हणजे ही एसी, काचा बंद, म्हणजे पुन्हा मुलुंड व्हायचं. मी पर्समध्ये प्लॅस्टिकची पिशवी आणि आवळासुपारी तयार ठेवली होती. कंडक्टर म्हणाले, “आजी, खाली बसा, खालीच बरं.” आजी तोवर चार पायऱ्या चढून गेल्या होत्या. वर पुढची सीट, समोर अख्खी काच. हुतात्मा चौक आला, तसे तिने हात जोडले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या सभांना बाबा जायचे, लग्न होऊन आल्या आल्या तिने त्या गोष्टी ऐकल्या होत्या. पुढे रस्ता संपतो आणि समुद्र दिसतो. पिशवी पर्समध्येच राहिली. माझ्या मते लांबचं दिसत राहिलं की तिला त्रास होत नाही. मुलाच्या गाडीत तिला पुढच्या टेंपोची पाठ तेवढी दिसत होती. डॉक्टरांना विचारलं नाही, आम्हाला एवढं पुरे आहे.

बाकीच्या फेऱ्या थोडक्यात सांगते. महालक्ष्मी स्टेशनबाहेरच्या पुलावरून धोबीघाट. तो पाहायला परदेशी पाहुणे कॅमेरे घेऊन उभे असतात, आई त्यांना ‘कपडे कसे आपटायचे’ ते हातवारे करून दाखवत होती. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई, १८६९ ची. दारावर शेतकऱ्यांची शिल्पं आहेत ती लॉकवूड किपलिंग यांची, ‘जंगल बुक’वाल्या किपलिंगचे वडील. आईने शिल्पांपेक्षा संत्र्यांचा भाव जास्त पाहिला. भुयारी मेट्रोनेही गेलो, कफ परेडपर्यंत पूर्ण झाल्यावर. छान गार, स्वच्छ, लिफ्ट आहे, म्हाताऱ्या माणसांची उत्तम सोय. पण खिडकीबाहेर काळोख. आई म्हणाली, “पोचवते लवकर, दाखवत काही नाही.” गिरगावला वर येऊन चौपाटीकडे चालत गेलो तेव्हा तिची कळी खुलली. मेट्रो पोचायला आणि बस पाहायला, अशी आमची वाटणी आहे.

तुमच्यापैकी ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी चार अनुभवाचे बोल. रविवारी निघू नका, मेगाब्लॉक असतो. मधल्या वारी सकाळी अकरा ते चार, त्यातही गर्दीच्या उलट दिशेने. घारापुरी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद, हे आता मी झोपेतही सांगेन. बसचं कमीत कमी तिकीट मे २०२५ पासून साधीला दहा आणि एसीला बारा रुपये आहे. आधी पाच आणि सहा होतं, ते आई अजून प्रत्येक कंडक्टरला ऐकवते. सुटे पैसे ठेवा. पाण्याची बाटली ठेवा, पण पाणी जपून प्या, कारण शहरात बायकांची सोय कुठे आहे आणि कुठे नाही याची माझी एक वेगळी वही आहे. ती मी इथे वाचत नाही, मैत्रिणींनी जेवताना माझ्याकडे मागावी. आणि एका दिवशी एकच ठिकाण. दोन केलीत तर तुम्ही पुन्हा ऑफिसला निघालात असं समजा.

तुम्ही विचाराल, राणीच्या बागेचं काय झालं? पुन्हा कधी गेलात? नाही गेलो. सहा-सात वेळा भायखळ्यावरून गेलो, मी दर वेळी विचारलं, आज उतरू या? आई म्हणायची, नको, राहू दे. आता पेंग्विन आले आहेत, वाघ आहेत, तुझा दगडी हत्ती आहे, मी सगळी लालूच दाखवली. राहू दे. आज सकाळी इथे यायला निघालो तेव्हा लोकलमध्ये तिने कारण सांगितलं, आणि मला तुमच्याशी बोलायची आज्ञा केली.

बाई, येत्या मंगळवारी आम्ही राणीच्या बागेत जाणार आहोत. मंगळवारी ती उघडी असते, मी दोनदा खात्री केली आहे. तुम्ही दादरलाच राहता, तेव्हा सकाळी अकरा वाजता टीटीच्या बसथांब्यावर. वर्गातल्या ज्यांना यायचं असेल त्यांनीही यावं, दोन-दोनच्या जोड्या करू. चिवडा आणि लाडू आई आणणार आहे. आई म्हणते, बाईंना विचार, सोबत येतील का. बसचा नंबर मी वाचीन.